पॅव्हिलियन १० दिवसांचा असेल तर आधी अकराव्या दिवसाचं बोला

प्रश्न थोडक्यात असा होता: एका प्रदर्शनासाठी साधारण १०० चौरस मीटरचा, १० दिवस उभा राहणारा पॅव्हिलियन करायचाय, सगळं सामान पुन्हा वापरता येईल असं हवंय, तर बांबू, कागदी नळ्या, पॅलेट (मालाखाली ठेवायच्या लाकडी चौकटी) आणि स्टीलचे पाइप यातलं सगळ्यात सस्टेनेबल काय? आणि जागा फरशीची आहे, खणायची परवानगी नाही, मग पाया कसा करायचा?

थेट सांगतो, मटेरियल कुठलं हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की अकराव्या दिवशी सकाळी ट्रक येईल तेव्हा त्यात काय भरणार आणि तो जाणार कुठं. कोण घेणार, कधी घेणार, कुठल्या अवस्थेत घेणार हे नावानिशी लिहिलेलं तुमच्याकडे नसेल तर बांबू घ्या नाहीतर कागद घ्या, शेवटी त्याचा कचराच होतो. पुन्हा वापरता येण्यासारखं असणं वेगळं आणि खरंच पुन्हा वापरलं जाणं वेगळं, आणि हा फरक कळायला मला एक अख्खा पॅव्हिलियन वाया घालवावा लागला.

सुरुवातीच्या काळातलं काम होतं, १८ मिलिमीटरचं प्लायवूड मशीनवर कापून दोनशेच्या वर तुकडे केले होते, सगळे वेगवेगळ्या वळणाचे, एकमेकांत बसणारे, गोंद नाही, खिळा नाही, फक्त बोल्ट. उभा राहिल्यावर सुंदर दिसत होता, लोकांनी कौतुक केलं, आम्ही फलकावर पूर्णपणे रियूजेबल असं लिहिलंही. संपल्यावर दोन-तीन सुतार येऊन बघून गेले, कुणालाच एक तुकडा नको होता, कारण एकाही तुकड्याला सरळ बाजू नव्हती आणि प्रत्येक तुकडा त्याच्या त्याच जागी बसणार होता, दुसरीकडे नाही. मग सगळं एका शेडमध्ये ठेवलं, पावसात खालून ओल आली, प्लायचे थर सुटले, आणि दीड वर्षानी ते फेकायला मीच गेलो. तो दिवस मी विसरलेलो नाही आणि तेव्हापासून एकही लाइन काढायच्या आधी मी सामानाची यादी करतो आणि प्रत्येक ओळीपुढं ते शेवटी कुठं जाणार ते लिहितो.

याची सगळ्यात कडक आवृत्ती बघायची असेल तर नेदरलँड्समधल्या आयंडहोव्हनला २०१७ मध्ये डच डिझाइन वीकसाठी झालेला पीपल्स पॅव्हिलियन बघा, ब्युरो एसएलए आणि ओव्हरट्रेडर्स डब्ल्यू या दोन ऑफिसांनी केलेला. त्यांनी जवळपास सगळं सामान उसनं घेतलं, उसनं म्हणजे खरोखर उसनं, लाकूड, काच, पायाचे काँक्रीटचे खांब, आणि परत करताना जसं घेतलं तसंच द्यायचं ही अट. त्यामुळं भोक पाडायचं नाही, स्क्रू नाही, गोंद नाही, कापायचं तर नाहीच. मग लाकडाच्या फळ्या एकत्र बांधून बीम केले, ट्रकवरचं सामान बांधायला जे रॅचेटवाले पट्टे असतात तसल्या पट्ट्यांनी. फक्त बाहेरचे रंगीत टाइल्स नवीन होते, तेही गावातल्या लोकांनी आणून दिलेल्या घरच्या प्लास्टिक कचऱ्यातून केलेले, आणि संपल्यावर ते लोकांमध्येच वाटले. मला त्यात भावलं ते हे की सामान परत करायची अट हीच डिझाइन झाली, पट्टे दिसतात कारण भोक पाडता येत नव्हतं.

आणि दुसरं उदाहरण जर्मनीतल्या हॅनोव्हरला २००० साली भरलेल्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनातलं, आर्किटेक्ट पीटर झुमथॉर यांचा स्विस पॅव्हिलियन. १० बाय २० सेंटिमीटरचे लाकडी वासे एकावर एक रचलेले, वखारीत लाकूड वाळत घालतात अगदी तसे, आणि वरून खाली स्टीलच्या सळ्या आणि स्प्रिंगांनी दाबून धरलेले. स्प्रिंग कशाला, तर लाकूड ताजं होतं, वाळताना आकसणार, रचलेली भिंत खाली बसणार, स्प्रिंगमुळं ताण टिकून राहतो. प्रदर्शनाचे पाच महिने म्हणजे त्या लाकडाचे वाळायचे पाच महिने, आणि संपल्यावर ते वाळलेलं बांधकामाचं लाकूड म्हणून विकलं. म्हणजे पॅव्हिलियन असताना त्या लाकडाची किंमत वाढली. याच्याइतकं चोख उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

आता तुमच्या चार पर्यायांकडे येतो.

तुमच्या जागी मी असतो तर सांगाडा भाड्याच्या स्कॅफोल्डिंग पाइपचा, म्हणजे बांधकामाच्या परातीला वापरतात त्या पाइपचा, केला असता. हे ऐकून निराशा होते बऱ्याच जणांची कारण स्टील बनवायला भरपूर कार्बन लागतो आणि बांबू हिरवा वाटतो, ते खरं आहे, पण हे स्टील तुमच्यासाठी बनवलेलं नाहीये, ते आधीच आहे, तुमच्या आधी कित्येक कामांवर जाऊन आलंय आणि तुमच्यानंतर परत जाणार आहे. अकराव्या दिवशी त्याचं काय होणार हा प्रश्नच उरत नाही, भाड्यानं देणारा स्वतः मोजून घेऊन जातो, आणि एक कपलर, म्हणजे दोन पाइप जोडायची पकड, कमी भरला तरी विचारतो. पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर, हे माप जवळपास सगळीकडे चालतं त्यामुळं कपलर कुठलेही मिळाले तरी बसतात. ६ मीटरचा पाइप जाडीनुसार २१ ते २६ किलोपर्यंत भरतो, दोन माणसं आरामात उचलतात. अट एकच, त्यांच्याकडे ज्या लांबीचे पाइप आहेत त्याच लांबीत डिझाइन करा. आधी डिझाइन करून मग ४.३५ मीटरचा पाइप शोधत बसाल तर कापावा लागेल, आणि भाड्याचा पाइप कापला की तो तुमचा झाला.

हेच तत्त्व बाकी सगळ्याला लावा. प्लाय आठ बाय चार फुटांचं असतं तर पॅव्हिलियनची आतली जमीन आठ बाय चारच्या पटीतच घ्या, कडेला दोन इंच गॅप राहिली तर राहू द्या. १८५१ चा लंडनचा क्रिस्टल पॅलेस आठवा, जोसेफ पॅक्स्टन यांनी सगळी इमारत २४ फुटांच्या पटीत बसवली आणि काचा एकाच मापाच्या, ४९ बाय १० इंचाच्या, त्यामुळंच प्रदर्शन संपल्यावर ती उतरवून त्याच सामानातून सिडनहॅमला आणखी मोठी उभी करता आली, १८५४ मध्ये, आणि ती १९३६ मध्ये जळेपर्यंत उभी होती. बांधकामाच्या वेळी साइटभोवती जे फळ्यांचं कुंपण घातलं होतं त्याच फळ्या नंतर आतली जमीन म्हणून टाकल्या. पावणेदोनशे वर्षांपूर्वी. आपण आज कुंपणाला वेगळे पत्रे आणतो आणि जमिनीला वेगळं प्लाय आणतो.

बांबू मला मनापासून आवडतो आणि भरपूर वापरलाय, पण तो पुन्हा वापरायचा असेल तर कष्ट वाढतात हे समजून घ्या. प्रत्येक बांबू वेगळा, एका टोकाला जाड दुसऱ्या टोकाला बारीक, त्यामुळं एकाचा जोड दुसऱ्याला बसत नाही. खिळा मारला की चिरतो, भोक पाडलं तर पेराच्या जवळ पाडायचं आणि पोकळीत काहीतरी भरायचं नाहीतर बोल्ट आवळताना चेपतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला नसेल तर भुंगा पोखरतो, आणि मुरवलेला असला तरी हे मीठ पाण्यात विरघळणारं आहे, उघड्या पावसात हळूहळू धुऊन जातं. दोरीनं बांधलेला बांबू मात्र सुटून जसाच्या तसा परत मिळतो, फक्त दोरी जाते, आणि काथ्याची असेल तर ती कुजून मातीत मिसळते. बांधणारी माणसं ओळखीची असतील आणि पुढं बांबू घेणारा कुणी ठरलेला असेल तर जरूर करा, नाहीतर आतल्या पार्टिशन आणि सावलीपुरता ठेवा.

कागदी नळ्या म्हटल्या की जपानी आर्किटेक्ट शिगेरू बान हे नाव येणारच. जपानमधल्या कोबेच्या १९९५ च्या भूकंपानंतर त्यांनी ५८ कागदी नळ्यांचं चर्च उभं केलं, तात्पुरतं म्हणून, ते दहा वर्षं राहिलं आणि नंतर उतरवून तैवानला नेऊन २००८ मध्ये परत उभं केलं. म्हणजे कागद टिकतो. पण त्याच बान यांच्या २००० सालच्या हॅनोव्हरच्या जपान पॅव्हिलियनचं बघा, जर्मन आर्किटेक्ट फ्राय ओट्टो सोबत होते, कागदी नळ्यांची भलीमोठी लाटेसारखी जाळी, आणि तरीही परवानगी देणाऱ्यांच्या समाधानासाठी लाकडी कमानी वाढवाव्या लागल्या आणि कागदी छतावर आणखी एक पीव्हीसीचा पडदा घालावा लागला, जो त्यांना नकोच होता. कागद वाकतो, ओल लागली की ताकद जाते, आणि सतत भार राहिला तर हळूहळू झुकत जातो, आणि कुठल्याही ऑफिसात त्याचा कोड, म्हणजे बांधकामाची ठरलेली नियमावली, तयार नसतो, टेस्ट करून दाखवावं लागतं. तुमच्याकडे टेस्टिंगला वेळ असेल तर करा. १० दिवसांच्या कामाला तो वेळ सहसा नसतो.

पॅलेट स्वस्तात मिळतात म्हणून सगळे घेतात. उसवू नका, अख्खेच वापरा, उसवताना निम्म्या फळ्या फुटतात. आणि शिक्का बघा, एचटी लिहिलेलं असेल तर उष्णतेनं ट्रीट केलेलं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूनं, ते घ्यायचं नाही, मुलं बसणार-खेळणार असतील तर अजिबातच नाही.

जोडांबद्दल सविस्तर लिहितो कारण रियूज खरं तर जोडात ठरतो, मटेरियल कुठलंही असो. लाकडात स्क्रू पहिल्यांदा घट्ट बसतो, त्याच भोकात दुसऱ्यांदा जरा सैल, तिसऱ्या-चौथ्यांदा नुसताच फिरतो. म्हणून आरपार बोल्ट, दोन्ही बाजूला मोठे वॉशर, म्हणजे लाकूड दबत नाही. भोक टोकापासून लांब ठेवा, बोल्टच्या जाडीच्या निदान ७ पट, म्हणजे १२ मिलिमीटरच्या बोल्टला साडेआठ सेंटिमीटर, नाहीतर ताण आला की टोक चिरतं आणि वासा कायमचा गेला. तीच ती भोकं पाच-सहा वेळा वापरली की गोलाची अंडाकृती होते आणि फ्रेम डुलायला लागते, त्यावर दोन उपाय आहेत, एक म्हणजे भोकात स्टीलची छोटी नळी कायमची बसवायची, आणि दुसरा म्हणजे फ्रेम ताठ धरणाऱ्या तिरप्या तारांना टर्नबकल, म्हणजे फिरवून आवळायचे जोड, लावायचे, जोडातली ढिलाई ते आवळून खाऊन टाकतात. अख्ख्या कामात बोल्टची दोनच मापं ठेवा. शक्य असेल तर एकच. रात्री दोन वाजता दमलेल्या माणसाच्या हातात एकच पाना असला पाहिजे, पाच प्रकारचे पाने असतील तर तो हातोडा उचलतो, आणि हातोडा उचलला की सामान संपलं.

रंग देऊ नका. रंगवलेलं लाकूड पुढचा माणूस घ्यायला बघत नाही, त्याला तासून काढावं लागतं. ब्रँडिंग पाहिजे असेल तर कापडावर करा, आणि त्या कापडावर वर्ष आणि तारीख छापू नका, तेवढ्या एका ओळीमुळं चांगलं कापड पुढच्या वेळी वापरता येत नाही.

आता पाया, म्हणजे खरं तर वजन. लोकांना वाटतं पाया छप्पर पेलायला असतो, हलक्या पॅव्हिलियनमध्ये उलटं असतं, पाया छप्पर धरून ठेवायला असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, सूत्र सोपं आहे, ०.६१३ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा आणि उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतं. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, दाब आला २४५ न्यूटन, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर साधारण २५ किलो. वारा दुप्पट झाला तर ५० नाही, १०० किलो. तुमचं छप्पर १०० चौरस मीटर, ढोबळमानानं एवढाच दाब वर खेचणारा धरला तर २,५०० किलो, त्यावर दीडपट सुरक्षितता म्हणजे ३,७५० किलो. पॅव्हिलियनचं स्वतःचं वजन समजा १,५०० किलो, म्हणजे वरून सव्वादोन टन वजन टाकायचंय. काँक्रीटचे ब्लॉक असतील तर घनमीटरला २,४०० किलो धरून जवळपास एक घनमीटर लागतं, पाणी असेल तर १,००० लिटरच्या दोन टाक्यांपेक्षा जास्त. हा हिशोब कल्पना यावी म्हणून दिलाय, तुमच्या भागातला डिझाइनचा वेग कोडमधून घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असल्याशिवाय उभं करू नका, कारण आकारानुसार कडेला आणि कोपऱ्यांना खेच यापेक्षा बरीच जास्त येते. आणि तीन बाजू बंद, एक उघडी असा प्लॅन असेल तर वारा आत शिरून छपराला आतूनही ढकलतो, तेव्हा एकतर समोरासमोरच्या दोन बाजू मोकळ्या ठेवा किंवा तेवढं वजन वाढवा.

वर उचलणं झालं, मग आडवं घसरणं. गुळगुळीत फरशीवर स्टीलची बेसप्लेट सहज सरकते, वजन पुरेसं असूनही. खाली जाड रबराची मॅट टाका, फरशीला ओरखडे पण पडत नाहीत. आणि सगळ्या पायांची वजनं जमिनीलगत पाइपांनी एकमेकांना बांधून टाका म्हणजे एक पाय एकटा सरकत नाही.

वजन कशाचं हाही रियूजचाच प्रश्न आहे. नवं काँक्रीट ओतू नका. बान यांनी हॅनोव्हरला काँक्रीटऐवजी वाळू भरलेल्या पेट्यांचा पाया केला होता, वाळू परत वाळूच राहते. पाण्याच्या टाक्या मला आवडतात कारण ट्रकमधून रिकाम्या येतात, पण गळती रोज बघायला माणूस ठेवा आणि शेवटी ते पाणी झाडांना जाईल अशी सोय आधी करा, रंग किंवा केमिकल घालू नका. सगळ्यात सोपं म्हणजे फरसबंदीचे ब्लॉक किंवा विटा कुठल्यातरी पुढच्या कामासाठी आधीच विकत घेऊन १० दिवस तुमच्याकडे वजन म्हणून ठेवायच्या, आणि मग त्या कामावर पोचवायच्या. बसायचे बाक त्याच वजनांचे करा, म्हणजे ते अडगळ वाटत नाहीत.

आणि किती वारा आला की काय करायचं ते लिहून ठेवा. एका वेगाला बाजूचे पडदे काढायचे, त्याच्या वरच्या वेगाला माणसं बाहेर काढून प्रवेश बंद. छपरावर वारा मोजायचं छोटं यंत्र लावा आणि एका माणसाकडे तेवढंच काम द्या. अंदाजानं ठरवायची गोष्ट नाही ही, आत माणसं असतात.

छपराला जाड कॅनव्हास किंवा पीव्हीसी कोटेड कापड. कोटेड कापड वर्षानुवर्षं टिकतं पण शेवटी त्याचं रिसायकलिंग जवळपास होत नाही, म्हणून नवं शिवून घेण्यापेक्षा तंबूवाल्यांकडे असलेल्या मापाचं भाड्यानं घ्या आणि फ्रेम त्या मापाला जुळवा. उतार भरपूर द्या आणि कापड ताणलेलं ठेवा. सैल कापडात पाणी साचतं, साचलं की कापड खाली जातं, खाली गेलं की आणखी साचतं. खळग्यात एक चौरस मीटरवर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि पाऊस थांबेपर्यंत ते वाढतच जातं. आगीचं सर्टिफिकेट असलेलं कापडच घ्या, हे परवानगीसाठी लागतंच, पण नसतं लागलं तरी घेतलं असतं.

उतरवण्याचा प्लॅन हा ड्रॉइंगच्या सेटमधला पहिला कागद ठेवा. कुठला तुकडा आधी निघणार, कुठं रचणार, ट्रकमध्ये कुठल्या क्रमानं जाणार. प्रत्येक तुकड्यावर नंबर, पण स्टिकर नाही, ते उन्हात गळून पडतात, आणि मार्करचं लिहिलेलं पावसात जातं. ॲल्युमिनियमची छोटी पट्टी ठोकलेल्या आकड्यांसह तारेनं बांधायची, लाकूड स्वतःचं असेल तर टोकाला डाग द्यायचा. एका माणसानं उचलायचा तुकडा २५ किलोच्या वर नको. शक्य असेल तर एक खण आधी उभा करून परत उतरवून बघा, दोन्हीला घड्याळ लावा. माझ्याकडे उतरवायला उभारणीच्या निम्मा वेळ धरलेला असायचा आणि दर वेळी मोडतोड तिथंच व्हायची, कारण प्रदर्शन संपलेलं असतं, सगळ्यांना घरी जायचं असतं, जागेचा मालक चावी मागत असतो. आता मी उतरवायचे पैसे वेगळे लिहून घेतो, उभारणीच्या बिलात मिसळत नाही, आणि टीम तीच ठेवतो ज्यांनी बांधलंय, कारण कुठला बोल्ट आतून आहे ते त्यांनाच माहीत असतं. बोल्ट आणि कपलर मी दहाला एक जास्त नेतो.

कापड ओलं असेल तर घडी घालू नका, कितीही घाई असू दे. दोन आठवड्यांत बुरशी येते आणि तो वास जात नाही. भाड्याचं असलं तरी वाळवूनच परत द्या. लाकूड जमिनीपासून उचलून, मधे पट्ट्या घालून रचायचं. बोल्टना थोडं ग्रीस लावून डबाबंद, डब्यावर माप आणि नग.

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं असं, सांगाडा भाड्याच्या पाइपचा, जमीन न कापलेल्या प्लायची किंवा अख्ख्या पॅलेटची, छप्पर भाड्याच्या कापडाचं, सावली आणि आतल्या भिंती दोरीनं बांधलेल्या बांबूच्या, आणि वजनाला विटा ज्या पुढं कुठल्यातरी बांधकामावर जाणार आहेत. पाइप देणाऱ्याकडून लांबीची यादी आणि जागेच्या मालकाकडून फरशीवर चौरस मीटरला किती भार चालतो ते आधी लेखी घ्या, खाली तळघर असेल तर सव्वादोन टन एका कोपऱ्यात ठेवता येणार नाही, ते सगळ्या पायांवर वाटावं लागेल आणि मग खणाची मापंच बदलतील. या दोन गोष्टी हातात आल्या की स्केच टाका, जोडांचं बघून सांगतो.